बारकी

घाटात दरड कोसळली त्याच्या तिसऱ्या दिवशी गवंड्याचं खेचर घसरलं.

रस्ता बुजला होता, विजेचा खांब आडवा झाला होता आणि वरच्या अंगाची अकरा घरं जगापासून तुटली होती. थंडी अशी, की सकाळी बादलीतल्या पाण्यावरचं बर्फ मुठीनं फोडून तोंड धुवावं लागे. गवंडी झऱ्यावरून पाण्याचे कॅन लादून येत होता. उतारावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. खेचराचे पुढचे दोन्ही पाय एकदम गेले, आणि ते उठायला गेलं तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला.

गवंडी फाटकाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"कंपाउंडर आहेत?"

"आहेत," सून म्हणाली. "कोणाचं?"

"खेचर. पाय गेला."

एवढंच बोलणं. या घराच्या फाटकाशी येणारं माणूस कधी जास्त बोलत नसे.

म्हाताऱ्यानं खुंटीवरची रायफल काढली. जनावरांच्या दवाखान्यात तो एकतीस वर्षं कंपाउंडर होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी कंपाउंडर हेच त्याचं नाव राहिलं होतं. डॉक्टर खाली, चार तासांवर. तो इंजेक्शन घेऊन वर येईपर्यंत जनावर दिवसभर तडफडायचं, म्हणून हे काम कंपाउंडरकडे आलं आणि त्याच्याकडेच राहिलं. रायफल पॉइंट टू टूची, हलकी, करंगळीच्या पेरापेक्षा बारीक गोळीची. वस्तीतले लोक तिला बारकी म्हणत. वन खात्याच्या शिपायानं एकदा हसून विचारलं होतं, "हिनं काय मरतं हो?" तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "मोठी बंदूक आवाज करते. ही काम करते."

सुनेनं काडतुसांची डबी, दोरी आणि पोतं पिशवीत टाकलं. चार वर्षं ती त्याच्या मागून अशी जात होती. नवरा त्याआधीच शहरात कामाला गेला होता. तिथं त्यानं दुसरं घर मांडलं हे दीड वर्षानं कळलं, लपवाछपवी काही नव्हती, त्यानंच चिठ्ठी पाठवून कळवलं. भाऊ माहेराहून आला होता. "ये म्हणतो मी," तो म्हणाला, "पण आमचं घर केवढं, ते तर तू पाहिलंयस." सासऱ्यानं जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी एक खेचर पडलं, तो पिशवी शोधायला लागला, तिनं ती उचलली आणि त्याच्या मागे निघाली. तेव्हापासून पिशवी तिच्याकडे.

खेचर कुशीवर पडलं होतं. नाकपुड्यांतून वाफ निघत होती. सुनेनं गुडघे टेकून त्याच्या तोंडावरची म्होरकी धरली, एका हातानं त्याच्या डोळ्यांवर पोतं धरलं आणि तोंडानं हलकं हलकं बोलत राहिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हातारा पुढे झाला. नळीचं टोक कपाळापासून चार बोटांवर आणलं. आणि तिला दिसलं, ते टोक एका जागी राहत नव्हतं. वाऱ्यानं काडी हलावी तसं हलत होतं. तिनं वर पाहिलं. त्याचा जबडा आवळलेला होता.

आवाज झाला. खेचर मेलं नाही.

त्यानं मान झटकली ती सुनेच्या हनुवटीवर बसली. म्होरकी तिच्या हातातून सुटली. खेचर तीन पायांवर अर्धं उठलं, पडलं, पुन्हा उठलं, आणि त्याच्या घशातून आवाज निघाला तो तिनं आजवर कुठल्या जनावराचा ऐकला नव्हता. म्हाताऱ्यानं रायफलीचा बोल्ट मागे ओढला. दुसरं काडतूस बोटांतून निसटून बर्फाच्या चिखलात पडलं. तो वाकला, चाचपू लागला. त्याची बोटं काडतुसाच्या शेजारून जात होती. सुनेनं ते उचललं, पदराला पुसलं, त्याच्या तळहातावर ठेवलं. दुसरी गोळी बरोबर बसली.

मध्ये कितीसा वेळ गेला असेल? वीस आकडे मोजावेत एवढा. गवंडी सगळा वेळ उभा होता.

"कंपाउंडर," तो म्हणाला, "आता पुरे करा तुम्ही."

एरवी चहा व्हायचा, फाटकाबाहेर का होईना. त्या दिवशी गवंड्यानं पाठ फिरवली आणि सांडलेले कॅन गोळा करू लागला. एक कॅन म्हाताऱ्याच्या पायाशी आला होता. त्यानं तो उचलून पुढे केला. गवंड्यानं घेतला, पण त्याच्याकडे न बघता.

घरी येऊन म्हाताऱ्यानं बारकी पुसली, तेल दिलं, खुंटीला लावली आणि नंतर आठ दिवस तिच्याकडे पाहिलं नाही.

*

ते आठ दिवस पीठ संपत आल्याचे होते. डबा दर सकाळी खरवडल्यासारखा वाजे. बटाटे होते, त्यांना मोड आले होते. मोड खुडून सून ते उकडायची, दोघं भिंतीकडे तोंड करून खायची. कोणी भांडलेलं नव्हतं. बसायची जागाच तशी होती, चुलीच्या दोन बाजूंना दोन पाट, आणि समोर भिंत.

आठव्या दिवशी खालच्या घरातून आवाज आला. शेळीचा. मग लाकडावर घाव घातल्यासारखा. मग पुन्हा शेळीचा, आणि पुन्हा घाव.

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला.

"कुऱ्हाड," तो म्हणाला.

गवंड्याच्या शेळ्या. चारा संपला होता, दोन कमी करायच्या असतील. बोलावलं नव्हतं. तिसरा घाव झाल्यावर शांत झालं. म्हाताऱ्यानं घास ताटात ठेवला, उठला, गोठ्यात जाऊन रिकाम्या गव्हाणीवर बसला. सुनेनं त्याचं ताट झाकून ठेवलं. मग तीही गोठ्यात गेली.

"मला शिकवा," ती म्हणाली.

"काय?"

"बारकी."

त्यानं गव्हाणीतली काडी उचलून मोडली. मग म्हणाला, "शिकण्यासारखं काही नाही त्यात. शिकलीस की लोक तुझ्याशी बोलायचे बंद होतात, तेवढंच."

"आता कोण बोलतंय?"

त्यानं चुलीतला कोळसा मागून घेतला आणि गोठ्याच्या दारावर चित्र काढायला बसला. रेघ चुकत नव्हती. रेघ ओढताना हात चालता असतो, एका जागी थांबला की थरथरतो, हे त्यानंच तिला सांगितलं. त्यानं शेळी काढली, मेंढी काढली, खेचर, घोडा. नुसती तोंडं, समोरून. मग शेळी सोडून प्रत्येकावर दोन तिरप्या रेघा, डोळ्यापासून पलीकडच्या कानापर्यंत.

"डोळ्यांच्या मधोमध मारायचं असं सगळ्यांना वाटतं. तिथं मारलं तर जनावर आंधळं होतं, मरत नाही. या रेघा छेद घेतात तिथं. वर. आणि नळी मानेच्या रोखानं, जमिनीच्या नाही. शेळीचं वेगळं. तिला मागून, शिंगांच्या मागे." तो कोळसा झाडत म्हणाला, "गोळी बारकी आहे. तिला चुकायला जागा नाही. मोठ्या बंदुकीला चूक माफ असते, हिला नसते."

पाच दिवस तिला गोळी मिळाली नाही. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढायचा. नळीवर एक नाणं ठेवायचं आणि ते पडता कामा नये. पहिल्या दिवशी नाणं इतक्या वेळा पडलं, की म्हातारा ते उचलायला वाकून वाकून थकला आणि शेवटी म्हणाला, "अगं, मी काय इथं झाडलोट करायला उभाय?" सुनेला हसू आलं. या घरात आपण शेवटचं कधी हसलो हे तिला आठवेना. तिनं तोंड फिरवलं. नाणं पुन्हा पडलं.

"श्वास सोड. सगळा नको, अर्धा. मग थांब. मग बोट. बोट ओढायचं नाही, आवळायचं, पिळलेला कपडा शेवटी आवळतो तसं."

हे तिला लगेच समजलं. कपडे ती आयुष्यभर पिळत आली होती.

डबीत त्रेचाळीस गोळ्या होत्या. सहाव्या दिवशी त्यानं तिला तीन दिल्या.

*

पहिला ससा तिनं मारला तो वरच्या माळावर, सकाळी दहाच्या सुमाराला. त्याआधी दोन दिवस ती रिकामी परतली होती. खडकाआड पोटावर पडून राहिलं, की थंडी आधी कोपरांतून शिरायची, मग मांड्यांतून, आणि शेवटी दात एकमेकांवर आपटायला लागले की नेम धरण्यात अर्थ नसे. माळावर कोणी नसायचं. वारा, खुरटी झुडपं, आणि खाली अकरा घरांचा धूर. धूर मोजायची तिला सवय लागली. एके दिवशी दहाच धूर दिसले तेव्हा तिला धस्स झालं. मग कळलं, अकरावा तिचा. म्हातारा चूल पेटवायला विसरला होता.

ससा झुडपाखालून निघाला आणि बसला. मागचे पाय पोटाखाली घेऊन, कान पाठीवर टाकून. तिनं अर्धा श्वास सोडला. टप्प असा आवाज झाला, पाटी आपटावी तेवढाच. ससा बसल्या जागी आडवा झाला. पळाला नाही, ओरडला नाही. जवळ गेली तेव्हा त्याच्या मिशा वाऱ्यानं हलत होत्या आणि अंग गरम होतं. तिनं गारठलेली बोटं त्याच्या पोटाच्या केसांत खुपसली, ऊब घ्यायला. मग तिला स्वतःची लाज वाटली, पण बोटं काढली नाहीत.

म्हाताऱ्यानं तो उलटापालटा करून पाहिला. कानाच्या मुळाशी बारीक भोक.

"एकच?"

"एकच."

"हं," तो म्हणाला, आणि सुरी शोधायला लागला.

त्या दिवशी पातेल्याला वास आला. तिनं वाडगाभर वेगळं काढलं, वर ताटली ठेवली आणि गवंड्याच्या घरी गेली. गवंड्याच्या बायकोनं दार उघडलं, पण पूर्ण नाही. दाराच्या फटीत तिचा अर्धा चेहरा आणि कडेवरचं पोर.

"सशाचं आहे. पोरांना."

"आहे अजून आमच्याकडे," गवंड्याची बायको म्हणाली. पोरानं हात पुढे केला. तिनं तो खाली दाबला. मग वाडग्याकडे पाहिलं. "कोणी मारला?"

"मी."

"तू?" आणि जरा वेळानं, "ठेव तिथं. पायरीवर."

दुसऱ्या दिवशी वाडगा धुऊन सुनेच्या फाटकावर उपडा घातलेला होता. त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी ती पायरीवर वाडगा ठेवायची आणि तो धुऊन परत यायचा. वाडगा ठेवताना आणि नेताना दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही.

*

पोस्टमन आला तो दरड कोसळल्यापासून चोविसाव्या दिवशी, दुपारी, वरच्या पायवाटेनं. मोटाररस्ता बंद होता म्हणून घोडीवर औषधं, मीठ, काड्यापेट्या आणि पत्रं लादून दोन दिवस डोंगराला वळसा घालून. वस्ती दिसायला लागली आणि ओढा ओलांडताना घोडीचा पुढचा पाय दोन धोंड्यांच्या सापटीत गेला. ती पुढे पडली, पाय मागेच राहिला.

तो धावतच फाटकाशी आला. आणि आत आला. फाटक ढकलून, अंगण ओलांडून थेट उंबऱ्यापर्यंत. त्याची टोपी कुठंतरी पडली होती आणि विजार मांडीपर्यंत भिजलेली होती.

"कंपाउंडर, चला. माझी घोडी."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढे करून दाखवले. हात थरथरत होते.

"मग?" पोस्टमन म्हणाला. "मग मी काय करू? ती पाण्यात पडलीय हो!"

"ही येते," म्हातारा म्हणाला.

पोस्टमननं सुनेकडे पाहिलं. ती भांडी घासत होती, हात राखेनं भरलेले. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते तिनं पाहिलं आणि त्याला दोष दिला नाही. आपली घोडी असती तर आपणही असंच पाहिलं असतं.

"नीट होईल ना?" त्यानं विचारलं. "गवंड्याच्या खेचराचं ऐकलंय मी. खालपर्यंत आलं ते."

म्हातारा ते ऐकत उभा होता.

सुनेनं हात धुतले. बारकी काढली. पिशवी घ्यायला वळली तर पिशवी खुंटीवर नव्हती. म्हाताऱ्यानं ती खांद्याला लावली होती.

ओढ्यापर्यंतची वाट तो हळू चालला. ती त्याच्यासाठी थांबत थांबत गेली. काठावर चार-पाच माणसं जमली होती, गवंडीही होता. कोणी काही करत नव्हतं. घोडी तांबडी, पोटाखाली पांढरी, गुडघाभर पाण्यात कुशीवर पडलेली. डोकं पाण्याबाहेर ठेवायची धडपड चालली होती. मान थकली, की नाक पाण्यात जाई, मग ती फुरफुरून पुन्हा वर घेई.

म्हातारा बूट न काढता पाण्यात उतरला. घोडीच्या मानेखाली गुडघा देऊन बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं, म्होरकी धरली. पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. तो तिच्याशी बोलू लागला. हलकं हलकं, तोंडातल्या तोंडात. सुनेनं ते ऐकलं. शब्द नव्हते, नुसता स्वर होता.

"हात काढा, मामंजी," ती म्हणाली. "गालावरचा."

त्यानं हात खाली घेतला. डोकं मात्र मांडीवरच ठेवलं.

त्याच्या गुडघ्यापासून गोळीची वाट वीतभर होती. ती हे जाणून होती आणि तोही. तिला दारावरची कोळशाची रेघ दिसली नाही, काही दिसलं नाही. घोडीच्या कपाळावर केसांचा एक भोवरा होता, ओला, तो दिसला. भोवऱ्याच्या वर एक बोट. मानेच्या रोखानं. घोडीचा डोळा तिच्याकडे वळला आणि तिनं तो पाहिला. त्यात आभाळ होतं. अर्धा श्वास.

टप्प.

घोडीचं डोकं म्हाताऱ्याच्या मांडीवर जड झालं. पाण्यात एक पाय जरासा हलला, मग पाणीच हलत राहिलं. पोस्टमन पाठमोरा उभा होता. "झालं?" त्यानं विचारलं. त्याला खरं वाटेना. "झालं?"

"झालं," म्हातारा म्हणाला.

पोस्टमन काठावर बसला आणि पत्रांची पिशवी तोंडाशी धरून रडला. बाकीचे इकडंतिकडं बघत उभे राहिले. सुनेनं बोल्ट ओढून रिकामं टरफल काढलं, खिशात टाकलं, मग पाण्यात उतरून म्हाताऱ्याला काखेत हात घालून उभं केलं. त्याचे पाय बधिर झाले होते. गवंडी पुढे आला आणि त्यानं दुसरी काख धरली. चढावर आल्यावर तो सुनेला म्हणाला, "त्या शेळ्यांच्या वेळी बोलवायला पाहिजे होतं." म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला. त्याच्याशी मात्र बोलला नाही.

*

त्यानंतर तिला बोलावणी येऊ लागली. लंगडी मेंढी. अडलेली शेळी, पोटात पिल्लू मेलेली. शिंपिणीचा म्हातारा कुत्रा, आठ दिवस न खाल्लेला; शिंपीण स्वतः आली आणि नंतर महिनाभर तिच्या वाटेनं गेली नाही.

झऱ्यावर बायका असत. ती पोचली की बोलणं आटपायचं. तिला पुढे जागा करून द्यायच्या, "घे बाई, तू आधी भर." मान होता तो. कळशी भरताना पाण्याचा आवाज फार मोठा व्हायचा. ती वळून चढाला लागली, की मागे पुन्हा बोलणं सुरू झालेलं ऐकू यायचं. वाटेत एकदा ती कळशी घेऊन नुसतीच उभी राहिली, ते ऐकत. चुलीचं, सासवांचं, खोकल्याचं बोलणं होतं. विशेष काही नव्हतं.

घरी आल्यावर तिनं कळशी उतरवली आणि साबण घेऊन हात धुवायला लागली. पुन्हा पुन्हा.

म्हातारा चुलीपाशी होता. घोडीच्या दिवसापासून त्याच्या छातीत खोकला बसला होता.

"जात नाही," तो म्हणाला.

"काय?"

"वास. कारण तो नसतोच." तो खोकला, थांबला. "माझी बायको म्हणायची, तुमच्या अंगाला वास येतो. मी तेवीस वर्षं साबण बदलत राहिलो. ती गेल्यावर कळलं, वास कुणालाच येत नव्हता. त्यांना फक्त आठवत होतं. मी दिसलो, की त्यांना त्यांचं जनावर आठवायचं." मग चुलीत लाकूड सारत, "तुझ्या सासूला हे सांगायला पाहिजे होतं. सांगायचं राहून गेलं."

तिनं साबण ठेवला. पाट उचलला, आणि भिंतीकडे न ठेवता त्याच्या शेजारी ठेवला. दोघं चुलीकडे बघत बसली. जेवणात बटाटेच होते.

*

ऊन तापायला लागलं तेव्हा रस्ता मोकळा झाला. पोस्टमन आता पायी यायचा. नवी घोडी घेणार नाही म्हणाला. तो आला की अंगणात बसायचा, पाणी मागून घ्यायचा. एके दिवशी म्हाताऱ्यानं मागवलेला छापील अर्ज तो घेऊन आला. बारकीचा परवाना तिच्या नावावर करायचा होता.

"इतके दिवस बिनपरवान्याची चालवत होती ती," पोस्टमन म्हणाला. "मी सरकारी माणूस आहे, माहितीय ना?"

"तुझी घोडी सरकारी होती का?"

पोस्टमन हसला. म्हाताऱ्याचा हात आता अक्षरं काढण्याजोगा राहिला नव्हता, तेव्हा पोस्टमनच मांडीवर पाटी घेऊन लिहू लागला. नाव. वय. पत्ता. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, जखमी जनावरांसाठी. सून आत पीठ चाळत होती. दार उघडं होतं.

"परवानाधारकाशी नातं?" पोस्टमननं वाचलं आणि पेन थांबवलं. म्हाताऱ्याच्या मुलाचं दुसरं घर वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या घरातही आता एक सून होती, आणि पत्रं पोस्टमनच आणायचा. "काय लिहू, कंपाउंडर? सून लिहू, की..."

आत चाळणीचा आवाज थांबला.

"घरची," म्हातारा म्हणाला.

"तसं नातं नसतं हो. रकाना आहे हा."

"घरची लिही."

"परत पाठवतील."

"पाठवू देत."

पोस्टमननं लिहिलं. चाळणी पुन्हा सुरू झाली, पण जरा उशिरानं.

दीड महिन्यानं अर्ज परत आला. नात्याच्या रकान्याभोवती कुणीतरी लाल शाईनं गोल काढला होता आणि बाजूला लिहिलं होतं, स्पष्ट करावे. सून मेंढपाळाकडे गेली होती. म्हाताऱ्यानं पोस्टमनच्या हातातलं पेन मागून घेतलं, कागद उंबऱ्यावर पसरला आणि डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरून, रकान्याबाहेर जाईल इतक्या मोठ्या वाकड्या अक्षरांत, स्वतः पुन्हा तोच शब्द लिहिला.